ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी

भूल देणाऱ्या डॉक्टरला लोक जे प्रश्न विचारतात ते आमच्या पुस्तकांत सापडत नाहीत. ‘धोका किती टक्के?’ हे महाड-पोलादपुरात मला क्वचितच कुणी विचारतं, आणि विचारलंच तर मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा विचारतो. ज्याच्या पोटावर सुरी चालणार असते त्याचे प्रश्न निराळे असतात. मंगळसूत्र काढावं लागेल का? मधेच जाग आली तर? भुलीत माणूस बरळतो म्हणतात, घरातलं काही तोंडून बाहेर पडलं तर? पाठीत सुई टोचली की कंबर कायमची जाते, खरं का? शिवाय एक प्रश्न मला कुणी विचारतच नाही, तो सिस्टरच्या कानात जातो : आत पुरुष किती असतील, आणि अंगावर कपडे असतील ना?

या सगळ्यांची उत्तरं साधी आहेत, दोन-दोन वाक्यांत बसणारी. तरी बहुतेक माणसं ती न मिळवताच टेबलावर येतात, कारण त्याआधी दहा जणांनी त्यांना एकच गोष्ट सांगितलेली असते : ‘घाबरू नका, काही होत नाही.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्याला हवं असतं ते उद्याचं वेळापत्रक. काय दिसेल, काय ऐकू येईल, कुठे दुखेल, किती वेळ दुखेल आणि तेव्हा आपण काय करायचं. एवढं कळलं की भीती जात नाही, पण ती माणसाच्या आवाक्यात येते.

मी कुठल्या एका हॉस्पिटलची नाही. आमच्या भागात भूलतज्ज्ञ मोजके, म्हणून आम्ही बॅग घेऊन फिरतो. सकाळी महाडात सिझर, दुपारी पोलादपूरला हर्निया, संध्याकाळी परत महाडात कुणाचं तरी अपेंडिक्स. या फिरतीची एक मोठी गैरसोय आहे. मोठ्या शहरात रुग्ण आधी भूलतज्ज्ञाच्या ओपीडीत येऊन जातो. इथे पुष्कळदा भूल देणारी बाई आणि रुग्ण यांची पहिली भेट होते तेव्हा रुग्णाच्या हातात सलाइन लागलेलं असतं, डोक्याला हिरवी टोपी असते आणि सर्जन हात धूत असतो. त्या वेळी कुणाला काय समजावणार, आणि तो तरी काय ऐकणार? म्हणून जमेल तिथे मी आदल्या संध्याकाळी फेरी मारते. या फेरीचे पैसे कुणी देत नाही. काही सर्जन हसतात. ‘मॅडम, दोन मिलिग्रॅम मिडॅझोलम द्या, सगळी भीती जाते,’ असंही एकाने ऐकवलं.

त्याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. लॉरेन्स एग्बर्ट नावाचे भूलतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत. १८४६ साली मॉर्टनने ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं ते याच हॉस्पिटलात. एग्बर्टनी १९६३ साली छापलेल्या अभ्यासात काही रुग्णांना आदल्या दिवशी भेटून माहिती दिली, काहींना नुसतं पेंटोबार्बिटल हे गुंगीचं औषध दिलं. औषधवाले सकाळी पेंगुळलेले होते, पण शांत नव्हते. भेट झालेले टक्क जागे होते आणि शांत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी पोटाचं ऑपरेशन होणार असलेल्या ९७ रुग्णांवर आणखी एक प्रयोग केला. आदल्या रात्री भेट सगळ्यांनाच दिली. पण त्यातल्या साधारण निम्म्यांना एक जास्तीची गोष्ट सांगितली, ती म्हणजे ऑपरेशननंतर दुखेल. कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल आणि का दुखेल हेही सांगितलं. टाक्यांखालचा स्नायू आखडतो, त्याची ही कळ असते. तो सैल कसा सोडायचा, कुशीवर वळताना पोटाला ताण न देता हातापायांचा जोर कसा लावायचा, हे करून दाखवलं. सर्जनना मात्र कुणाला काय सांगितलंय ते ठाऊक नव्हतं. पुढच्या पाच दिवसांत या रुग्णांना वेदनेसाठी लागलेलं मॉर्फिन दुसऱ्या गटाच्या निम्म्यावर आलं, आणि त्यांना घरी जायची परवानगी सरासरी २.७ दिवस आधी मिळाली.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी की एग्बर्टनी कुणाला ‘दुखणार नाही’ असं सांगितलं नाही. दुखेल असंच सांगितलं.

आमच्याकडे हे का होत नाही? डॉक्टरला वेळ नसतो हे खरंच आहे, पण मुख्य कारण मला वेगळं वाटतं. इथे ऑपरेशनचा निर्णय रुग्ण घेतच नाही. महाड-पोलादपूरच्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला असतं. सोनोग्राफीचा कागद मोबाइलवर नालासोपाऱ्याला जातो, तिथून भाऊ, जावई, कारखान्यातला सुपरवायझर यांच्यात चर्चा होते आणि रात्री फोन येतो : ‘करून टाका.’ तारीखही तशीच ठरते. लावणीच्या आधी नको, गणपतीत नको, शिमगा होऊन जाऊ दे. जुलैत तर कुणी तयारच नसतं, आणि ते शहाणपणाचंच आहे; २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत किती चढलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. या सगळ्या ठरवाठरवीत ज्याचं पोट आहे तो माणूस ओटीवर बसून विडी ओढत असतो. त्याला शेवटी एवढंच कळतं की ‘छोटंसं आहे, दोन दिवसांत घरी.’ घरच्यांना वाटतं, सगळं सांगितलं तर तो हाय खाईल. मी उलटं पाहिलंय. न सांगितलेली जागा माणूस स्वतः भरून काढतो, आणि जे भरतो ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

कापडे गावाकडचे एक आजोबा होते. डाव्या बाजूचा हर्निया, कित्येक वर्षांचा. संध्याकाळी गेले तेव्हा खाटेवर मांडी घालून बसले होते. ‘बाबा, उद्या काय करणार आहेत ते कुणी सांगितलं का?’ म्हटलं तर म्हणाले, ‘सांगितलं की. जाळी बसवणार.’ मग थोडं थांबून : ‘बाई, ती गंजणार नाही ना?’ आजोबांनी आयुष्यभर जाळी पाहिली होती ती कोंबड्यांच्या खुराड्याची, तारेची. दोन रात्री ते पोटात तार घेऊन जगायच्या विचारात होते. सुनेला विचारावं तर ती लहान, मुलाला विचारावं तर तो फोनवर. मी ऑपरेशन थिएटरच्या मावशींकडून आधीच्या केसमध्ये कापून उरलेला जाळीचा तुकडा मागवला. पांढरा, पातळ, मच्छरदाणीच्या कापडापेक्षा जरा जाड, बोटांत चुरगळला तरी परत उलगडणारा. पॉलिप्रॉपिलीनचा धागा असतो तो; गंजत नाही, सडत नाही, आणि काही आठवड्यांत शरीराचा मांसल भाग त्याच्या भोकांतून वाढून त्याला धरून ठेवतो. आजोबांनी तो तुकडा उजेडाकडे धरून पाहिला, ओढून पाहिला, दातांनी तोडायचा प्रयत्न केला (मी थांबवलं नाही) आणि म्हणाले, ‘मग ठीक आहे.’

त्यानंतर पुढचं ऐकायला ते मोकळे झाले. पाठीतल्या सुईबद्दल मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं. आत एसीमुळे थंडी वाजेल, पांघरूण मागायचं. दंडाला पट्टा बांधतील, तो दर काही मिनिटांनी आपोआप आवळेल आणि सुटेल. बोटाला चिमटा लावतील. मशीनचा टिक-टिक आवाज म्हणजे तुमचीच नाडी. बोट हललं आणि चिमटा निसटला की मशीन ओरडतं. तुम्हाला काही झालेलं नसतं, चिमटा निसटलेला असतो. ही शेवटची गोष्ट न सांगितल्यामुळे भर टेबलावर ‘गेलो, गेलो’ म्हणणारी माणसं असतात. मग बसवतील, उशी पोटाशी धरायची, हनुवटी छातीला लावायची आणि मांजरासारखी पाठ बाहेर काढायची. कापूस गार लागेल, मग मुंगी चावल्यासारखं, मग थोडा दाब. त्या वेळी उडी मारायची नाही. दुखलं तर तोंडाने सांगायचं. थोड्याच वेळात तळपाय गरम होतील, मुंग्या येतील, पाय जड होतील आणि मग हलणारच नाहीत.

इथे थांबावं लागतं. पाय हलत नाहीत हे कळल्याच्या क्षणी माणूस मनातून कोसळतो, कारण त्याच्या माहितीत पाय न हलणं म्हणजे लकवा. म्हणून आधीच सांगायचं : हे पाय दोन-तीन तासांत परत येतात. सुई टोचतात ती जागा कमरेच्या खालच्या भागात असते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच, पहिल्या कटिमणक्याच्या आसपास संपतो. खाली राहतात ते पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे. सुई त्या पाण्यात जाते. कंबर कायमची जाते ही समजूत मुख्यतः सिझर झालेल्या बायकांकडून पसरली आहे. त्यांची कंबर दुखते हे अगदी खरं आहे, पण गरोदरपणाचं ओझं, वाकून मूल पाजणं, महिन्याभरात पुन्हा हंडा उचलणं हे सगळं सोडून दोष त्या एका सुईला मिळतो. सुईमुळे बरेच महिने कंबर दुखत राहते, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. डोकं मात्र काहींचं दुखतं, आणि ते मी लपवत नाही. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअरने पाठीतून भूल पहिल्यांदा दिली, मग स्वतःवरही हा प्रयोग करून घेतला आणि पुढे कित्येक दिवस डोकं धरून पडला. आताच्या सुया पुष्कळ बारीक आहेत, त्यामुळे हे प्रमाण खूप उतरलंय. उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर घरी सहन करत बसायचं नाही, कळवायचं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी आत धावतं समालोचन केलं. ‘आता गरम झाले... आता मुंग्या... आता गेले.’ सर्जनने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनकडे पाहिलं.

पूर्ण भुलीत बरळण्याचा जो प्रश्न आहे, त्याला मी हसत नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईच्या पोटात काय काय असतं ते तिलाच माहीत. तिला सांगते की भूल चढली की बोलणं बंद होतं, उतरताना माणसं बोलतात ते ‘पाणी द्या’ आणि ‘झालं का?’ एवढंच. आणि कुणी काही बोललंच तर ते त्या खोलीतून बाहेर जात नाही. कपड्यांचंही तसंच. गाऊन पाठीमागे उघडा असतो, तो का, लघवीची नळी लावणार असतील तर ती कधी, तेव्हा जवळ सिस्टर असतील का, हे आधी सांगितलं की बाई आत येताना मान वर करून येते. या गोष्टी संमतिपत्रावर कुठेच नसतात.

मंगळसूत्राचं मात्र नीट सांभाळावं लागतं. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं कॉटरी नावाचं यंत्र वापरतात. अंगावर धातू असला तर तिथे भाजायची शक्यता असते. श्वासनळीत नळी घालायची वेळ आली तर गळा मोकळा हवा. बोटं सुजली तर अंगठी रुतते. सगळी कारणं खरी, पण ऑपरेशनच्या दारात ‘काढा, काढा’ असं घाईने सांगितलं की त्या बाईला त्यात भलताच अर्थ दिसतो. तेच संध्याकाळी सांगितलं तर सासू स्वतः हळकुंड दोऱ्यात बांधून मनगटाला लावून देते आणि मंगळसूत्र आपल्या पदरात ठेवते. हिरव्या काचेच्या बांगड्यांचं तर दारात कात्रीने काम करणं म्हणजे छळच. बांगडी ‘फुटली’ म्हणणं आपल्याकडे चालत नाही, ‘वाढवली’ म्हणतात. आणि ऑपरेशनच्या दिवशी ती वाढवायची कुणाला हौस नसते. आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने दहा मिनिटांत निघतात.

सगळ्यांत मोठा घोळ उपाशीपोटी या सूचनेचा. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांच्या पोटातलं अन्न आणि आम्ल उलटून फुप्फुसात कसं जातं ते लिहिलं, आणि तेव्हापासून ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा नियम जगभर घट्ट झाला. आता तो इतका कडक राहिलेला नाही. हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत, आईचं दूध बाळाला चार तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तळलेलं, मटणाचं जेवण त्याहून आधी संपवायचं. गरोदर बाई, पोट तुंबलेला रुग्ण, जुना मधुमेह यांना डॉक्टर वेगळं सांगतील, त्यांनी तेच पाळायचं. पण आमच्याकडे दोन्ही टोकं गाठतात. पहिलं टोक : दुपारी दोनचं ऑपरेशन आणि म्हातारी आदल्या संध्याकाळी सातपासून कोरडी. डोकं चढलेलं, तोंडाला शोष, शीर सापडत नाही. दुसरं टोक : ‘काही खाल्लं नाही बाई, फक्त पेज प्यायली.’ पेज ही पातळ असली तरी अन्नच आहे, तिच्यात तांदूळ आहे. आंबील तीच गोष्ट. दुधाचा चहा म्हणजे दूध. कोरा चहा मात्र पाण्यात जमा, आणि आमच्या कोकणात कोरा चहा पिणारे पुष्कळ, हे नशीबच म्हणायचं. म्हणून मी ‘काही खाऊ-पिऊ नका’ हे वाक्य सोडून दिलंय. मी नावं घेऊन सांगते : भाकरी कधीपर्यंत, पेज कधीपर्यंत, कोरा चहा कधीपर्यंत.

आणि मिश्री. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे उठून मिश्री लावलेली बाई शपथेवर सांगते की तोंडात काही घेतलं नाही, आणि ती खोटं बोलत नसते. मिश्री खाणं नव्हे, दात घासणं. पण ती भाजलेली तंबाखूच. तिने नाडी वाढते, लाळ सुटते, ती गिळली जाते. तंबाखू-विडी जितके आठवडे आधी बंद होईल तितकी जखम चांगली भरते आणि खोकला कमी होतो, हे सांगायला संध्याकाळ पुरत नाही. ते ओपीडीतच सांगायला हवं. संध्याकाळी मी एवढंच मागते की उद्या सकाळी नको. ‘मिश्री’ हा शब्द उच्चारून विचारलं नाही तर उत्तर कधीच मिळत नाही.

दुसरी एक गोष्ट संध्याकाळीच करून घ्यायची असते. पोटावर उशी दाबून खोकायचं, लांब श्वास घेऊन धरायचा, कुशीवर वळून हाताच्या जोरावर उठायचं. हे टाके पडल्यावर शिकवलं तर माणूस शिकत नाही, शिव्या देतो. आणि शिकवून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. आपल्याकडे डॉक्टरने ‘समजलं का?’ म्हटलं की ‘होय’ म्हणायची रीत आहे. मी म्हणते, ‘आता हे सगळं तुमच्या सुनेला सांगा, मी ऐकते.’ त्यात काय काय निसटलंय ते लगेच कळतं.

कागदांकडे येऊ. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचा रायगड होता. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. गरिबाघरचा माणूस ज्या ऑपरेशनचं स्वप्नही पाहत नव्हता ते या योजनेने त्याला दिलं, हे मान्य करूनच पुढचं लिहिते. रुग्णाच्या भरतीतला सगळ्यांत मोठा वेळ रेशनकार्ड, आधार, त्यावरच्या नावातला काना-मात्रा आणि मंजुरीची वाट यात जातो. मंजुरी आली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि आता बोलायचं काही राहिलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सही पुष्कळदा मुलगा करतो, तीही न वाचता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची संमती चालत नाही. त्या खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी आईच्या संमतीवर काढली होती. आमच्या वॉर्डात हा निकाल कुणाला ऐकवला की लोक आश्चर्याने बघतात : आईनेच तर सांगितलं होतं!

सांगण्याने सगळं होतं असा माझा दावा नाही. २०१६ साली कॉक्रेनच्या आढाव्यात १०५ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र पाहिले; मनाची तयारी करून घेतलेले रुग्ण हॉस्पिटलात साधारण अर्धा दिवस कमी राहिले, पण पुरावा कच्चा आहे असं त्यांनीच लिहून ठेवलं. गुडघा आणि खुब्याच्या सांधेबदलाच्या रुग्णांवरचे अभ्यास दोन वर्षं आधी तपासले होते, तिथे नेहमीच्या काळजीपेक्षा वेगळा फारसा फायदा दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. सगळ्यांना एकच पुस्तिका वाटणं आणि एका माणसाची जाळी गंजणार नाही हे त्याला दाखवणं, या दोन्हींना अभ्यासात ‘रुग्णशिक्षण’च म्हणतात. शिवाय सगळ्यांना ऐकायचं नसतं. १९८३ साली सुझान मिलर आणि मँगन यांनी दाखवलं की जी माणसं मन दुसरीकडे वळवून भीतीला तोंड देतात, त्यांना खूप तपशील दिला तर उलट त्रास होतो. अशी माणसं इथेही आहेत. ‘बाई, तुम्ही काय ते करा, मला सांगू नका’ असं म्हणून कुशीवर वळणारा मुंबईचा निवृत्त कंडक्टर मला भेटलाय. त्याला मी फक्त पाण्याची वेळ सांगितली आणि उठले.

मूल ऑपरेशनला आलं तर हे सांगायचं काम आईपासून सुरू होतं. आई रडली की मूल रडतं, बाकी सगळं नंतर.

लोकांना सांगून जीव वाचतात हे महाडला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. डॉ. हिंमतराव बावसकर सत्तरच्या दशकात इथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचवाने माणसं पटापट मरत होती. प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यावर कसं चालतं ते त्यांनी दाखवलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी कामाला येते ती माणूस मांत्रिकाऐवजी दवाखान्यात वेळेत पोचला तरच. तो पोचावा म्हणून गावोगाव बोलणं झालं. ऑपरेशनच्या बाबतीत असं बोलणारं माणूस आमच्याकडे तयारच आहे, ते म्हणजे गावोगावची आशा सेविका, आमची आशाताई. ती गावातली, तिच्याच बोलीत बोलणारी. कुडपणच्या बाईला ‘आत पुरुष किती’ हे तिला विचारायला लाज वाटत नाही. नसबंदीच्या केसबरोबर ती येतेच, वॉर्डाबाहेर बाकावर बसून राहते. ती बसलेली असताना मी तिला सुई, पट्टा, चिमटा, पेज, मिश्री हे सगळं सांगते. पुढच्या केसला ते तिच्या तोंडून गेलं तर माझी फेरी हुकली तरी चालेल.

शेवटचा घोळ घरी गेल्यावर होतो. डिस्चार्जच्या कागदावर ‘जड वस्तू उचलू नये’ असं असतं. शेतकऱ्याला गवताचा भारा जड वाटतच नाही, रोजचाच आहे. त्याला भारा, पोतं, हंडा, लाकडाची मोळी अशी नावं घेऊनच किती आठवडे ते सांगावं लागतं. आणि खाण्याचं पथ्य तर आम्ही न सांगताच सुरू होतं : भाताने टाक्यांत पू होतो. हे कुठून आलं देव जाणे. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. पण भातावर जगणाऱ्या मुलुखात ऐन जखम भरायच्या वेळी माणूस अर्धपोटी राहतो.

पिशवी काढलेल्या एका काकींना मी हे दोनदा समजावलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर त्या शेजारच्या खाटेवर नव्याने आलेल्या बाईला शिकवत होत्या. उशी कशी धरायची, पाय गरम होतील तेव्हा घाबरायचं नाही, चिमटा निसटला की मशीन बोंबलतं. सगळं बिनचूक. मग म्हणाल्या, ‘आणि महिनाभर भात अजिबात नाही.’ मी काही बोलणार तोच माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘डॉक्टरीणबाई, तुमचं बरोबर असेल. पण टाके माझे आहेत.’ डबा उघडा होता. आत तांदळाची भाकरी होती, दोन, आणि कुळथाचं पिठलं. तांदूळ पोटात जातोय तर भात असो की भाकरी, माझी काही हरकत नव्हती.